सांध्यांची कैफियत

मराठीत ‘खिळखिळा’ हा शब्द आपण खाटेला लावतो, बैलगाडीला लावतो, राज्यकारभाराला लावतो आणि उतारवयात स्वतःच्या गुडघ्यांनाही लावतो. खीळ आपल्या भोकात सैल झाली, तिची पकड सुटली, आणि जी वस्तू एकसंध म्हणून उभी होती ती सुट्या अवयवांचा नुसता समुदाय होऊन बसली, हा सारा वृत्तान्त त्या एका शब्दात सामावलेला आहे. अशा खाटेच्या पायाच्या भोकात गावच्या सुताराने लाकडाची पातळशी पाचर ठोकावी आणि खाट पुन्हा पूर्ववत् उभी राहावी, ही आपल्याकडील मरामतीची अगदी जुनी रीत होय. प्रस्तुत लेखाचा विषय म्हणजे त्या पाचरीचाच एक दूरदेशी वंशज आहे. संग्राहकांच्या काचेच्या कपाटांत उभ्या असणाऱ्या, हातपाय व मान वळविता येणाऱ्या ज्या लहान प्रतिमांना बाजारात ‘ॲक्शन फिगर’ म्हणतात, त्यांचे सांधे ढिले का होतात, ते पुन्हा घट्ट करण्याची विद्या कशी घडत गेली, आणि त्या विद्येच्या इतिहासातून आपण कोणता बोध घ्यावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आरंभीच एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. कुडाळनजीकच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेल्या कळसूत्री बाहुल्यांत सांधा जितका मोकळा तितका बाहुलीचा नाच जिवंत. कारण तेथे गती देणारा हात दोऱ्याच्या वरच्या टोकाशी सदैव हजर असतो, आणि तो हात थांबला की बाहुलीनेही निश्चेष्ट व्हावे असाच त्या कलेचा संकेत आहे. ॲक्शन फिगरचे शास्त्र याच्या नेमके उलट आहे. तिला दोरा नाही, सूत्रधार नाही. मुलाच्या वा संग्राहकाच्या बोटांनी तिला जी मुद्रा दिली ती मुद्रा, तो हात निघून गेल्यावरही, तिने आपल्याच बळावर धरून ठेवावयाची असते. उगारलेली तलवार उगारलेलीच राहिली पाहिजे आणि एका पायावर तोललेला देह तोललेलाच राहिला पाहिजे. म्हणून या प्रतिमेच्या सांध्यास परस्परविरोधी भासणाऱ्या दोन आज्ञा एकाच वेळी पाळाव्या लागतात : सांगितले असता हलावे, आणि न सांगता मुळीच हलू नये. या दोहोंचा समेट घडवून आणणारी शक्ती म्हणजे घर्षण, आणि घर्षण ही अशी ठेव आहे की जी प्रत्येक वापरागणिक थोडीथोडी खर्ची पडते.

ही अडचण प्राचीन आहे. १८८९ सालच्या मे महिन्यात रोम शहरी न्यायमंदिराच्या इमारतीचा पाया खणीत असता क्रेपेरेइया त्रिफेना नावाच्या एका तरुणीची शवपेटिका सापडली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील त्या पेटिकेत तिच्या अलंकारांसमवेत एक हस्तिदंती बाहुली होती, आणि त्या बाहुलीचे खांदे, कोपर, जांघा व गुडघे वळविता येत होते. अवयवाच्या एका टोकास जीभ, दुसऱ्यास खाच, आणि दोहोंच्या आरपार जाणारी एक खुंटी, अशी ही बिजागरीच्या सांध्याची रचना आजच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रतिमेच्या कोपरातही जवळजवळ तशीच आढळते. अठराशे वर्षांत साधन बदलले; खाच आणि खुंटी यांचे नाते बदलले नाही.

युरोपातील चित्रकारांनी या सांध्यास निराळे काम दिले. इटलीचा चरित्रकार वासारी लिहून ठेवतो की, फ्लॉरेन्सचा चित्रकार फ्रा बार्तोलोम्मेओ याने वस्त्रांच्या चुण्यांचा अभ्यास करण्यासाठी पुरुषभर उंचीची, सांध्यांत वळणारी एक लाकडी प्रतिमा करवून घेतली होती. जिवंत माणूस तासन्‌तास एकाच मुद्रेत उभा राहू शकत नाही, आणि जरा हलला की वस्त्राची प्रत्येक चुणी बदलते. तेव्हा स्थिर राहणारा देह हवा, म्हणून ती प्रतिमा. येथे खेळाचा प्रश्नच नव्हता. मुद्रा धरून ठेवणे हाच त्या प्रतिमेचा एकमेव धर्म होता, आणि हा धर्म पुढे साडेचारशे वर्षांनी एका खेळण्याच्या जन्मास कारण व्हावयाचा होता.

दरम्यान खेळण्यांच्या व्यापारात सांध्याची दोन घराणी निर्माण झाली. पहिले घराणे लाकडी खुंटीचे. आल्प्स पर्वतातील ग्रोडेन खोऱ्यातील कारागिरांनी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत खुंटीच्या सांध्यांच्या लाकडी बाहुल्या विपुल प्रमाणात घडविल्या. बालपणी राणी व्हिक्टोरियाच्या संग्रही अशा लाकडी बाहुल्या होत्या, व त्यांची संख्या १३२ होती असे नमूद आहे. दुसरे घराणे रबराचे. टॉमस हँकॉकने १८२० साली लवचीक पट्ट्यांचा हक्कनामा मिळविला आणि चार्ल्स गुडइयरने १८४४ साली रबर गंधकाने पक्के करण्याच्या क्रियेचा मिळविला. त्यानंतर फ्रान्स व जर्मनीतील बाहुली-कारखानदारांनी पोकळ देहाच्या आतून लवचीक दोरी ओढून तिच्या ताणाने मस्तक, हात व पाय आपापल्या उखळीत दाबून बसविण्यास प्रारंभ केला. आपल्या शालेय शरीरशास्त्रात ज्याला उखळीचा सांधा म्हणतात तो बाहुलीला प्राप्त झाला तो अशा रीतीने. आणि बाहुलीच्या देहात एक नाशवंत स्नायूही शिरला तो त्याच वाटेने.

कारण रबर म्हातारे होते. ताणलेली दोरी वर्षानुवर्षे ताणलेलीच राहिली म्हणजे तिची ओढ कमी होते, हवेतील प्राणवायू व ओझोन तिला कोरडी आणि ठिसूळ करतात, आणि एके दिवशी बाहुलीचे हातपाय लोंबू लागतात. या व्याधीच्या उपचारासाठीच ‘बाहुल्यांची इस्पितळे’ ही संस्था युरोपात रूढ झाली. लिस्बन शहरातील असे एक इस्पितळ १८३० पासून चालू आहे. जुनी दोरी काढून नवी ओवणे हे अशा कार्यशाळांतील नित्याचे काम असे, आणि ते करणाऱ्यास एक मर्यादा सांभाळावी लागे : दोरी सैल ओवली तर बाहुली बसत नाही, अतिशय ताणून ओवली तर चिनी मातीच्या मस्तकास गळ्यापाशी तडा जातो. घट्टपणाची ही सीमा ओळखणे हेच या विद्येचे मर्म आहे, आणि ते आजही बदललेले नाही.

आता आपण १९६४ साली येतो. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड प्रांतातील पॉटकेट येथील हॅस्ब्रो या कंपनीकडे स्टॅन वेस्टन नामक गृहस्थाने आदल्या वर्षी एक कल्पना आणली होती : मुलींसाठी जशी पोशाख बदलता येणारी बार्बी, तसा मुलांसाठी सैनिक का नसावा? कंपनीतील डॉन लेव्हीन यांनी ती कल्पना उचलली. परंतु सैनिक हलला पाहिजे, आणि हलून स्थिरही राहिला पाहिजे, हे कसे साधावे याचे उत्तर त्यांना मिळाले ते चित्रसाहित्याच्या एका दुकानात मांडलेल्या लाकडी प्रतिमेत. फ्रा बार्तोलोम्मेओच्या प्रतिमेची ती धाकटी वारस होती. त्यातून साडेअकरा इंच उंचीचा, एकवीस हलते भाग असलेला ‘जी. आय. जो’ जन्मास आला. मुले बाहुलीशी खेळणार नाहीत ही व्यापाऱ्यांची धास्ती असल्यामुळे ‘बाहुली’ हा शब्द वर्ज्य ठरवून ‘ॲक्शन फिगर’ हे नवे नाव योजण्यात आले. नाव नवे असले तरी देहाची रचना जुन्या दोन्ही घराण्यांची होती : कोपर व गुडघ्यांत खिळ्यांच्या बिजागऱ्या, आणि धडाच्या पोकळीत खांदे, मान व जांघा यांना ओढून धरणारी लवचीक दोरी व धातूचे आकडे. लेव्हीन यांनी तयार केलेला आरंभीचा नमुना २००३ साली दोन लक्ष डॉलरांस विकला गेला.

बाहुली की खेळणे, हा वाद केवळ बाजारापुरता राहिला नाही. तो जकातीच्या दप्तरातून न्यायासनापुढे गेला. पुढे निघालेल्या व परदेशातून आयात झालेल्या जी. आय. जोच्या लहान आकाराच्या प्रतिमांवर अमेरिकेच्या जकात खात्याने बाहुल्यांच्या दराने जकात आकारली. कंपनीने तक्रार केली की, या बाहुल्या नसून खेळण्यातील सैनिक आहेत. १९८९ साली अपिलात निवाडा झाला तो कंपनीविरुद्ध, आणि मनुष्याची प्रतिमा म्हणून जी. आय. जो कायद्याने बाहुलीच ठरला. पुढे २००३ साली दुसऱ्या एका कंपनीच्या दाव्यात एक्स-मेन इत्यादी वीर हे पूर्णांशाने मानव नसल्यामुळे त्या प्रतिमा बाहुल्या नव्हेत, खेळणी होत, असा निर्णय झाला. मरामत करणाऱ्याच्या दृष्टीने पाहता यातील पहिला निवाडा यथार्थ म्हणावा लागेल, कारण जी. आय. जोच्या देहातील दोरी तुटली असता करावयाचा उपचार बाहुल्यांच्या इस्पितळात शे-दीडशे वर्षे चालत आलेल्या उपचाराहून तत्त्वतः भिन्न नव्हता.

पहिल्या जी. आय. जोनंतरच्या काळात या प्रतिमा आकाराने लहान झाल्या आणि त्याबरोबर सांध्याचे गणितही पालटले. जपानातील ताकारा कंपनीने १९७४ साली ‘मायक्रोमॅन’ या सुमारे दहा सेंटीमीटर उंचीच्या प्रतिमा काढल्या. १९७८ साली केनर कंपनीने ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटातील पात्रांच्या पावणेचार इंची प्रतिमा बाजारात आणल्या, आणि तो आकार जणू प्रमाणभूत होऊन बसला. केनरच्या प्रतिमेत बहुधा पाचच सांधे असत : मान, दोन खांदे, दोन जांघा. धडाचे दोन अर्ध कारखान्यातच कायमचे सांधून टाकलेले असत. आत शिरण्यास वाट म्हणून ठेवलेली नव्हती. खेळताखेळता पायाचा सांधा झिजला की ती प्रतिमा उभी राहीनाशी होई, आणि तिला उघडून पाहावयाचे तर तिचा देह चिरल्यावाचून गत्यंतर नसे.

याच पावणेचार इंची आकारात हॅस्ब्रोने १९८२ साली जी. आय. जोचा नवा अवतार काढला, आणि माझ्या मते या इतिहासातील सर्वांत विचारपूर्वक घडविलेला सांधा तो हाच. या प्रतिमेच्या पाठीत एक स्क्रू आहे. तो काढला की छातीचे दोन भाग अलग होतात, हात सुटतात, मस्तक सुटते, आणि मध्यभागी दिसते एक काळी रबरी कडी, जिला यंत्रशास्त्रात ‘ओ-रिंग’ म्हणतात. कडीचे एक टोक छातीतील स्क्रूच्या खुंटीस अडकविलेले असते, दुसरे दोन्ही पायांस जोडणाऱ्या धातूच्या आकड्यास. आणि त्या एका कडीच्या ताणावर कंबर व दोन्ही जांघा असे तीन सांधे उभे असतात. ओ-रिंगचा अमेरिकेतील हक्कनामा डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या निएल्स क्रिस्टेनसेन यांस १९३९ साली मिळाला, तो तेल, पाणी इत्यादी द्रवांची गळती रोखण्यासाठी; तिने खाचेत दबून बसावे अशी तिची मूळ योजना. खेळण्याच्या कारखानदाराने तिला अहोरात्र ताणून स्नायूचे काम दिले. १९८३ साली दंडातही वळण घालून या प्रतिमेस दोन्ही हातांनी शस्त्र धरण्याचे सामर्थ्य देण्यात आले.

या कहाणीचा एक धागा आपल्या भूमीतूनही जातो. मद्रास रबर फॅक्टरी, म्हणजेच एमआरएफ, या टायर करणाऱ्या कंपनीने हॅस्ब्रोच्या सहकार्याने १९८७ साली फनस्कूल ही खेळण्यांची कंपनी स्थापिली आणि तिचा कारखाना गोव्यात उभा राहिला. हॅस्ब्रोच्या साच्यांतून निघालेले, रंगसंगतीत मात्र कित्येकदा अमेरिकेतील मूळ प्रतिमांहून अगदी निराळे असे जी. आय. जो भारतातील मुलांच्या हाती आले ते फनस्कूलच्या नावाने. आणि आज अमेरिकेतील संग्राहक त्या भारतीय प्रतिमांचा कसून शोध घेत असतात. ज्या रबराच्या व्यवसायातून ही कंपनी निघाली त्या रबराचीच एक लहानशी कडी त्या प्रतिमेचा प्राण असावी, हा योगायोग मला मोठा हृद्य वाटतो.

आता सांधा ढिला का होतो ते पाहू. कारणे तीन. पहिले झीज : उखळ आणि तीत बसणारा गोळा यांच्यामधील पकड फार सूक्ष्म मापावर अवलंबून असते, गोळा उखळीपेक्षा किंचित् मोठा म्हणून तो घट्ट, प्रत्येक फिरकीबरोबर हा किंचित् मोठेपणा घासून जातो. दुसरे कारण प्लास्टिकच्या स्वभावात आहे : अखंड दाबाखाली ठेवलेले प्लास्टिक अतिमंद गतीने सरकत राहते आणि उखळ हळूहळू पसरून त्या दाबापासून आपली सुटका करून घेते, त्यामुळे एकच मुद्रा देऊन वर्षानुवर्षे उभी ठेवलेली प्रतिमा, कोणी हात लावला नसतानाही, एके दिवशी गुडघ्यात वाकते. तिसरे कारण रबराचे वार्धक्य. ते तर मूळ वेष्टन न फोडलेल्या प्रतिमेसही सोडीत नाही. मॅटेल कंपनीच्या १९८२ सालच्या ‘ही-मॅन’चे धिप्पाड पाय आतून रबरी जोडाने धरलेले असतात, तो जोड कुजला की तो बलाढ्य पुरुषही लोळागोळा होतो. जपान्यांनी या नाशावर उपाय म्हणून २००६ साली ‘रेव्होल्टेक’ प्रतिमांत दातेरी सांधा आणला; तो वळविताना टकटक वाजतो आणि केवळ घर्षणावर विसंबून न राहता दात्यात अडकून मुद्रा धरतो.

उपचारांचा इतिहास हा घरगुती वस्तूंचा इतिहास आहे. ओ-रिंग तुटली असेल तर स्क्रू काढून नवी कडी घालावी; पाच मिनिटांचे काम. गोळ्याचा सांधा झिजला असेल तर गोळ्यावर एक पातळ थर चढवून त्याचे गेलेले माप त्यास परत द्यावयाचे. यासाठी संग्राहकांनी प्रथम बिनरंगी नेलपॉलिश वापरले. पुढे अमेरिकेत फरशी चमकविण्याचे जॉन्सनचे ‘फ्यूचर’ नावाचे ॲक्रिलिक पॉलिश या कामी प्रसिद्ध झाले. ते पाण्यासारखे पातळ असल्यामुळे न उघडणाऱ्या सांध्याच्या फटीतही आपोआप शिरते, वाळल्यावर पारदर्शक थर धरते, आणि एका थराने भागले नाही तर दुसरा देता येतो. केनरच्या बंद देहाच्या प्रतिमांना हाच उपाय हितकर. तिसरे द्रव्य सुपरग्लू, म्हणजे आपल्याकडील फेविक्विकच्या जातीचा गोंद. याचे रसायन हॅरी कूव्हर यांस १९४२ साली युद्धकार्यासाठी दुसरेच काही शोधत असता गवसले आणि १९५८ साली ते बाजारात आले. त्याचा थर कठीण व टिकाऊ होतो. परंतु तोच या विद्येतील सर्वांत मोठा धोकाही आहे. गोळा उखळीबाहेर काढून, त्यावर गोंदाचा पातळ थर देऊन, तो पूर्णपणे वाळल्याची खात्री झाल्यावरच आत बसवावा. ओला गोंद उखळीत गेला तर सांध्याचा कायमचा दगड होतो. गोंदाची वाफ आसपासच्या रंगावर पांढुरकी बुरशीसारखी साय धरते, तीही ध्यानात ठेवावी. सांधा काढताना ओढाताण न करता प्रतिमा गरम पाण्यात थोडा वेळ धरावी, म्हणजे मऊ प्लास्टिक सैल होऊन गोळा बिनबोभाट बाहेर येतो. आणि जेथे स्क्रू आहे तेथे प्रथम स्क्रूच आवळून पाहावा, कारण पुष्कळदा दुखणे तेवढ्यावरच थांबते.

या साऱ्या उपायांच्या मुळाशी असलेले तत्त्व सुताराच्या पाचरीचेच आहे : जेथे पोकळी पडली तेथे पदार्थ भरावा, मात्र इतकाच की चलन अबाधित राहील. आणि या तत्त्वाबरोबरच एक नीतिप्रश्नही उभा राहतो. मूळ रबर काढून नवे घातले, मूळ गोळ्यावर परका थर चढविला, तर ती वस्तू अस्सल राहिली काय? याबाबत संग्राहकांत हळूहळू एक संकेत रूढ झाला आहे, व तो मला सर्वथा मान्य आहे. ओ-रिंग ही दिव्यातील वातीसारखी बदलण्याचीच वस्तू. ती बदलल्याने प्रतिमेचे अस्सलपण उणे होत नाही. तुटलेला हात दुसऱ्या प्रतिमेचा लावला असेल तर मात्र विकणाऱ्याने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. वस्तुसंग्रहालयांतील जतनाचा जो नियम, की केलेला उपचार शक्यतो पुन्हा काढून टाकता यावा, तोच येथेही प्रमाण मानावा. या दृष्टीने पॉलिशाचा थर गोंदाहून श्रेयस्कर, आणि नवी कडी त्या दोहोंहूनही श्रेयस्कर.

या इतिहासातून माझ्या मनाशी जो निष्कर्ष पक्का झाला आहे तो कारखानदारांस उद्देशून आहे. कोणताही सांधा अमर नाही. हस्तिदंताचा नव्हता, रबराचा नव्हता, प्लास्टिकचाही नाही. म्हणून सांधा कधीच ढिला होऊ नये अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. परंतु तो ढिला झाल्यावर उघडता यावा, एवढी तजवीज करणे कारखानदाराच्या हाती आहे. १९८२ सालच्या त्या पावणेचार इंची सैनिकाच्या पाठीत ज्याने स्क्रू ठेवला, त्याने चाळीस वर्षांनंतरच्या एका अनोळखी माणसावर विश्वास टाकला होता. आणि आज जेथे तो स्क्रू आहे तेथे प्रतिमा काही पैशांच्या कडीने पुन्हा आपल्या पायांवर उभी राहते. खेळणे असो, खुर्ची असो वा यंत्र असो, ज्यांच्या हाती वस्तू घडविण्याची सत्ता आहे त्यांनी आपल्या वस्तूच्या पाठीत तो एक स्क्रू अवश्य ठेवावा.